बांधकामावरील घराला बाहेरच्या लाकडी पट्ट्या कशा बसवाव्यात

पुण्यात नवे घर बांधताना विटा, काँक्रीट आणि गिलावा यांचा जितका विचार होतो, त्याच्या दहावा हिस्साही बाहेरच्या लाकडी पट्ट्यांच्या वाट्याला येत नाही. चौकट आणि भिंत यांमधली सांध झाकणारी पट्टी, कौलारू छपराच्या कडेला वाशांची तोंडे झाकणारी वळचणीची पट्टी, तिच्याखालची झालर, व्हरांड्याच्या खांबाभोवतीची आणि छताची फळी ही सारी कामे बहुधा वास्तुशांतीची तारीख ठरल्यावर घाईने उरकली जातात. हा लेख ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही त्यांच्यासाठी आहे, मग ते स्वतः हत्यार हाती घेणारे असोत किंवा सुताराकडून काम करून घेणारे घरमालक असोत.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात सुमारे २० टक्क्यांहून जास्त ओलावा आणि तोही सतत लागतो. पावसात भिजून दोन दिवसांत वाळणाऱ्या पट्टीत ती मूळ धरत नाही. मात्र पट्टीच्या मागे, सांध्यात किंवा खालच्या टोकाशी पाणी अडकून राहिले, तर ती वरून कितीही चकचकीत दिसली तरी आतून सडत जाते. म्हणून पाणी अडवण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक काळजी आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट ठेवण्याची घ्यावी लागते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. बावधनजवळच्या एका बंगल्यावर माझी देखरेख होती. मे महिन्याच्या अखेरीस, गिलाव्याला जेमतेम दोन आठवडे झालेले असताना, आम्ही खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या बसवल्या. दर्शनी बाजूला पॉलिश केले आणि मागची बाजू कोरीच राहू दिली. सागवान म्हणून घेतलेल्या त्या लाकडात पांढऱ्या भागाचे प्रमाणही बरेच होते. दुसऱ्या दिवाळीला पश्चिमेकडची एक उभी पट्टी उतरवली, तेव्हा तिचा खालचा वीतभर भाग मागून काळा पडला होता, अंगठ्याचे नख त्यात सहज रुतत होते आणि प्रत्येक लोखंडी स्क्रूभोवती निळसर काळे कडे उमटले होते. पुढची बाजू तोवर जवळजवळ नव्यासारखी दिसत होती.

हंगाम आणि कामाचा क्रम

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिमेला पिरंगुट, मुळशीकडे सरकावे तसा तो झपाट्याने वाढत जातो, आणि लोणावळ्यात तर ४००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तेव्हा शहरात चालून जाणारी हलगर्जी मुळशीच्या घरावर चालत नाही. याउलट मार्च–एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते, की तेच लाकूड आकसते. बाहेरच्या पट्ट्या बसवण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले, कारण तेव्हा लाकूड फुगलेलेही नसते आणि पुरते आकसलेलेही नसते.

सगळ्यांनाच हा मुहूर्त साधत नाही, त्यामुळे हिशेब ठाऊक असावा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. जे काही हलते ते रुंदीत. सागाची सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर रुंद फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर ती रुंदीत सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत अर्धा सूत वाढते. साग हे त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे. इतर पुष्कळ लाकडे याहून जास्त हलतात. म्हणून व्हरांड्याच्या छताच्या फळ्या एप्रिलमध्ये बसवत असाल, तर दोन फळ्यांमध्ये अर्धा सूत फट सोडावी, आणि ऑगस्टमध्ये बसवावी लागली तर त्या एकमेकींना भिडवून बसवाव्यात. हे उलटे झाले तर पावसाळ्यात फळ्या एकमेकींना रेटून पोटाशी फुगतात, किंवा उन्हाळ्यात फटीतून आभाळ दिसू लागते.

कामाच्या क्रमात पट्ट्यांचा नंबर गिलाव्याला पाणी मारण्याचे दिवस संपून तो पुरता वाळल्यानंतर आणि भिंतीला प्रायमरचा एक हात झाल्यानंतर येतो. त्यासाठी चार ते सहा आठवडे थांबावे लागले तरी थांबावे. वळचणीची पट्टी याला अपवाद आहे. ती कौलांची कडेची ओळ टाकण्याआधीच लागली पाहिजे, नाहीतर नंतर कौले उचकटावी लागतात.

लाकूड घेताना

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाण्याआधी यादी तयार असावी, आणि यादीत प्रत्येक पट्टीची जाडी, रुंदी व लांबी वेगळी लिहिलेली असावी. लाकडाचा भाव घनफुटावर असतो. एक इंच जाड, सहा इंच रुंद आणि दहा फूट लांब फळी म्हणजे ०.४२ घनफूट, अशा बारा फळ्या म्हणजे पाच घनफूट. करवतीने कापलेली एक इंची फळी रंधा मारल्यावर २० ते २२ मिलिमीटरच उरते, म्हणून तयार जाडी किती हवी ते दुकानदाराला आधी सांगावे. गाठी, चिरा आणि तुकड्यांची घट धरून यादीपेक्षा १५ ते २० टक्के माल जास्त घ्यावा. नंतर आणलेल्या दोन फळ्यांचा रंग आधीच्या फळ्यांशी क्वचितच जुळतो.

बाहेरच्या कामाला साग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो गाभ्याचा असावा. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. कडेच्या पांढऱ्या भागात ती नसतात, आणि वाळवीच्या दृष्टीने तो भाग कुठल्याही साध्या लाकडासारखाच असतो. दुकानात फळीचे टोक पाहावे: तपकिरी-सोनेरी गाभा आणि फिकट पांढरी कड यांतली सीमारेषा तिथे स्वच्छ दिसते. ज्या फळीत पांढरा भाग एक चतुर्थांशाहून जास्त आहे, ती घरातल्या कपाटासाठी ठेवावी. पट्ट्यांना पूर्ण रंग द्यायचा असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर दाबाखाली औषध भरलेले पाइनचे लाकूड चालते. लाकडाला औषध भरण्याच्या पद्धतींसाठी आय. एस. ४०१ हे भारतीय मानक आहे, तेव्हा माल त्या मानकाप्रमाणे आहे का, ते विचारावे. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे औषध घराच्या आत उत्तम काम करते, पण ते पाण्यात विरघळते, त्यामुळे उघड्या पावसात धुऊन जाते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा बारीक तंतूमय भुसा दाबून केलेल्या फळीच्या, तयार नक्षीपट्ट्यांना (मोल्डिंगला) तर बाहेर जागाच नाही.

जुन्या वाड्यांचे उतरवलेले लाकूड मिळाले, तर ते जरूर पाहावे. अनेक दशके वाळलेला साग नव्या सागापेक्षा स्थिर असतो आणि त्याचा रंग कुठल्याही पॉलिशने येत नाही. मात्र त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. करवतीला देण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आणि तारेच्या ब्रशने घासून प्रत्येक तुकडा तपासावा. खिळ्यावर आदळलेले करवतीचे पाते फुटले तर इजा होते.

घरी आणलेल्या लाकडातला ओलावा १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असावा. दोन सुया टोचून ओलावा दाखवणारे छोटे मीटर मिळते. ते नसेल तर फळीचा वीतभर तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी तोलावा. आठवडाभर वजन उतरत राहिले, तर लाकूड अजून ओले आहे, आणि ते कापायची घाई करू नये. फळ्या सिमेंटच्या जमिनीवर थेट न ठेवता, दर दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या रिपा घालून, सावलीत आणि वारा खेळता राहील अशा थप्पीत दोन-तीन आठवडे ठेवाव्यात.

कापणी, खाच आणि सहाही बाजूंचा हात

हत्यारे फार लागत नाहीत: मोजपट्टी, गुण्या, ओळंबा, पाणसळ, बारीक दात्यांची करवत, रंधा, पटाशी, ड्रिल आणि शिकंजा. यांत गुण्या आणि पाणसळ यांवर पैसे वाचवू नयेत.

आडव्या पट्टीच्या वरच्या पृष्ठभागाला बाहेरच्या दिशेने ढाळ द्यावा. इंचाला एक सूत पुरेसा होतो. तिच्या तळाला, बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत, दोन सूत रुंद आणि दोन सूत खोल अशी खाच टोकापासून टोकापर्यंत पाडावी. खाचेचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर खाच पाडलेला आणि न पाडलेला असे दोन तुकडे विटांवर ढाळात ठेवून त्यांवर लोटाभर पाणी सोडावे. कोऱ्या तुकड्यावर पाणी कडेवरून वळते आणि तळाला चिकटून सरपटत थेट भिंतीपर्यंत जाते. खाचेच्या तुकड्यावर तेच पाणी खाचेच्या ओठाशी अडते, थेंब फुगत जातो आणि जड झाला की खाली सुटतो. माझ्याबरोबर काम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आधी दाखवतो, कारण एकदा तो थेंब पाहिला की खाच पाडायचा कंटाळा कुणी करत नाही.

कापलेल्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. लाकडाच्या नळ्या टोकाशी उघड्या असतात आणि फळीच्या अंगापेक्षा टोक कित्येक पटींनी जास्त पाणी ओढते. माझ्या त्या बंगल्यातली पट्टी खालून सडली ती याचमुळे. म्हणून बसवण्यापूर्वी पट्टीच्या सहाही बाजूंना हात द्यावा: रंग द्यायचा असेल तर वूड प्रायमरचा, लाकडाचा पोत दाखवायचा असेल तर वरून लावणार त्याच पारदर्शक लेपाचा. मागच्या बाजूला एक हात चालेल, पण टोकांना दोन हात हवेतच, आणि जागेवर नेल्यावर पट्टी पुन्हा कापावी लागली तर नव्या टोकाला तिथेच लेप लावून मगच ती चढवावी. सागात तेल असल्याने लेप लावण्याआधी पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा, म्हणजे पहिला हात सुटत नाही. घासताना उडणारी सागाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, त्यासाठी तोंडाला मास्क बांधावा.

खिडकीभोवतीच्या पट्ट्या

चौकट ओळंब्यात आणि भिंत मात्र ओळंब्याबाहेर, ही पुण्यातल्याच काय, कुठल्याही साइटवरची नेहमीची स्थिती आहे. पट्टी चौकटीला धरून बसवावी आणि भिंतीकडची तफावत मागे पातळ पाचरी देऊन काढावी. भिंतीला धरून बसवलीत, तर चौकट आणि पट्टी यांमधली रेघ तिरकी होते आणि ती रोज डोळ्यांत खुपते. पट्टी गिलाव्यावर घट्ट दाबू नये. मागे एखादा सूत मोकळी जागा राहिली, तर शिरलेले पाणी खाली उतरून निघून जाते.

क्रम असा ठेवावा. आधी खालची पट्टी, ढाळ देऊन आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच बाहेर काढून. मग दोन्ही उभ्या पट्ट्या, ज्यांचे खालचे टोक खालच्या पट्टीला न टेकवता एक सूत उंच ठेवायचे. शेवटी वरची पट्टी, जी उभ्या पट्ट्यांच्या डोक्यांवर सलग बसेल आणि दोन्हीकडे अर्धा इंच पुढे येईल. चौकटीवरची गणेशपट्टी डोळ्यांसमोर आणावी. वरचा तुकडा खालच्यांवर छत्र धरतो, तीच ही रचना.

पुष्कळ सुतार कोपऱ्यात ४५ अंशांचा जोड करायला उत्सुक असतात, कारण त्यात हातची सफाई दिसते. घराच्या आत तो जरूर करावा. बाहेर मात्र रुंदी वाढ-घट झाली की तो जोड आतून किंवा बाहेरून उघडतो, आणि त्याच्या तोंडाशी दोन्ही तुकड्यांची कापलेली टोके असल्याने पाणी नेमके तिथे शिरते. सरळ जोड साधा दिसतो, पण टिकतो.

फळीची कोणती बाजू दर्शनी ठेवायची, हेही टोकाकडे पाहून ठरवावे. टोकावरच्या कड्या वाळताना सरळ होऊ पाहतात, त्यामुळे फळी सालीच्या बाजूला पन्हळीसारखी खोलगट होते. सालीकडची बाजू भिंतीकडे ठेवली, तर वाळताना कडा भिंतीकडे वळतात आणि पट्टी नीट बसलेली राहते.

स्क्रू आणि पकड

सागासाठी साधे लोखंडी खिळे किंवा स्क्रू वापरू नयेत. लाकडातली द्रव्ये आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग होऊन काळे डाग पडतात आणि लोखंडही गंजते. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग वाटले तरी एका मध्यम घराला लागतात ते किती, याचा हिशेब केला की ती महागाई उरत नाही. २० मिलिमीटर पट्टीसाठी ५० मिलिमीटर लांबीचा स्क्रू घ्यावा, आधी बारीक भोक पाडावे, टोकापासून निदान एक इंच आत यावे आणि दोन स्क्रूंमध्ये ३०० ते ४०० मिलिमीटर अंतर ठेवावे. चार इंचांहून रुंद फळीला एका कडेचे भोक स्क्रूच्या मापाचे आणि दुसऱ्या कडेचे रुंदीच्या दिशेने लांबट पाडावे, म्हणजे फळी फुगायला मोकळी राहते. दोन्ही कडा जखडल्या, तर फळी मधोमध तडकते.

विटांच्या भिंतीत नायलॉनचा प्लग, म्हणजे कारागीर ज्याला गिट्टी म्हणतात तो, चांगला धरतो. आता पुण्यात बऱ्याच भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधा प्लग फिरतो आणि दोन महिन्यांत सैल होतो, म्हणून त्या ब्लॉकसाठी मिळणारे वेगळे, खोल आट्यांचे प्लगच घ्यावेत आणि ड्रिलची ठोकणारी कळ बंद ठेवून भोक पाडावे.

वळचण

हल्ली कौलांखाली सागाच्या वाशांऐवजी लोखंडी पाइपांचा सांगाडा असतो. पाइपांना रेडऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचे, दोन हात झाल्याशिवाय लाकूड चढवू नये, आणि लोखंड व लाकूड यांच्यामध्ये रबराची पातळ पट्टी द्यावी, कारण रात्री थंड पडलेल्या पाइपावर दव जमते. दोन्ही टोकांना दोरी ताणून पट्टीची रेघ ठरवावी. खालून पाहणाऱ्याला अर्ध्या इंचाचा पोकही लगेच दिसतो. कौलाची कड पट्टीच्या पुढे दोन इंच यावी, म्हणजे पागोळ्या पट्टीवरून न ओघळता पुढे पडतात. पन्हळ लावायची असेल, तर तिचे ब्रॅकेट याच वेळी बसवावेत.

दहा-बारा फुटांहून लांब पट्टी अखंड मिळत नाही, तेव्हा जोड द्यावा लागतो. तो वाशावर किंवा पाइपावरच यावा आणि तिरका कापलेला असावा. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेकडचा तुकडा वर आणि पूर्वेकडचा त्याच्याखाली असा जोड ठेवला, तर वाऱ्याने रेटलेले पाणी जोडावरून सरकून जाते. हे काम परांचीवरून करावे, शिडीवरून नव्हे. बारा फुटी फळी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ड्रिल चालवताना तोल गेलेला मी पाहिला आहे. परांचीवर दोन माणसे, डोक्याला हेल्मेट आणि कमरेला पट्टा एवढे हवेच.

व्हरांड्याच्या लाकडी खांबाबद्दल एकच सांगतो: वाड्यांमधले खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीवर, उभे असतात ते शोभेसाठी नाही. खांबाचे लाकूड आणि त्याभोवतीची पट्टी फरशीला टेकू देऊ नये. फरशी रोज धुतली जाते.

सांधे भरणे आणि शेवटचा हात

पट्टी आणि भिंत यांमधली वरची व दोन्ही बाजूंची सांध रंग धरणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या लवचिक लुकणाने भरावी. खालची सांध मोकळी ठेवावी. ती उघडी दिसते म्हणून रंगारी ती हमखास बुजवतो, त्यामुळे त्या दिवशी साइटवर स्वतः हजर राहावे. स्क्रूंच्या खड्ड्यांत त्याच लाकडाच्या गोल डाट्या, रेषा जुळवून बसवाव्यात. पांढरी पुटी पारदर्शक लेपाखाली उठून दिसते.

मेलामाइन आणि लाखेचे पॉलिश घराच्या आतले आहे. बाहेर लाख पाण्याने पांढरी पडते आणि मेलामाइनचे पापुद्रे सुटतात. बाहेरच्या वापरासाठीचे पीयू किंवा लाकडात मुरणारे तेल यांपैकी एक निवडावे. मी तेलाकडे झुकतो: ते फिकट होते पण सोलत नाही, आणि दर दोन वर्षांनी पावसाळ्यापूर्वी घासून नवा हात देणे घरच्या माणसालाही जमते. जुन्या घरांत याला तेलपाणी करणे म्हणत. नुसते कच्चे जवसाचे तेल मात्र दमट हवेत बुरशी धरते, तेव्हा बुरशीरोधक मिसळलेले तयार तेल घ्यावे. पश्चिमेकडच्या पट्ट्यांवर दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही येतात, म्हणून तिथे एक हात जास्त द्यावा.

जूनमधला पहिला जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन घराभोवती फेरी मारावी. प्रत्येक खिडकीच्या खालच्या पट्टीवर आणि वळचणीच्या जोडांवर पाणी कुठे साचून राहिले आहे, खाचेच्या ओठाला थेंब लोंबत आहेत की भिंतीवर ओघळ उतरला आहे, ते पाहावे आणि जिथे चुकले असेल तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच जागा बोटाने चाचपावी. ती तेव्हाही ओली लागली, तर नोव्हेंबरपर्यंत थांबून, लाकूड वाळले की तेवढीच पट्टी उतरवावी, ढाळ वाढवावा, टोकांना पुन्हा दोन हात द्यावेत आणि त्याच भोकांत ती परत बसवावी.